नोटीस ते लिलाव: मधल्या दिवसांबद्दल

मराठी दैनिकांच्या आतल्या पानांवर, टेंडर नोटिसा आणि हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटच्या जाहिराती यांच्या शेजारी, बारीक टायपातले चौकोन दिसतात. वर बँकेचं किंवा गृहवित्त कंपनीचं बोधचिन्ह आणि खाली ठळक अक्षरांत ‘ताबा सूचना’. कर्जदाराचं नाव, सहकर्जदार म्हणून बहुतेक वेळा बायकोचं नाव, मग फ्लॅट क्रमांक, मजला, सोसायटी, सर्व्हे नंबर, चतुःसीमा आणि थकीत रक्कम पैशापर्यंत. सर्वसामान्य जनतेने या मालमत्तेचा व्यवहार करू नये, असा इशारा शेवटी असतो. बहुतेक वाचक पान उलटतात. ओळखीचं आडनाव दिसलं तरच नजर थांबते, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती बातमी अख्ख्या कॉलनीला ठाऊक होते.

त्या चौकोनात दोन तारखा असतात. एक मागणी नोटिशीची, दुसरी ताबा घेतल्याची. कायद्याप्रमाणे या दोहोंत किमान 60 दिवस जावे लागतात. प्रत्यक्षात चार महिने, आठ महिने, कधी वर्षही जातं. नोकरीत असताना प्राधिकृत अधिकारी म्हणून अशा नोटिसांवर माझी सही असायची. फाइल लिलावाकडे पाठवण्याआधी मी या दोन तारखा बघायचो आणि मधल्या काळात कर्जदाराकडून काय आलं ते चाळायचो. बहुधा काहीच आलेलं नसायचं. एखाद-दुसरी पाच-दहा हजार भरल्याची पावती, बस. हे पुस्तक त्या कोऱ्या पानांबद्दल आहे. वकील, निवृत्त बँक कर्मचारी आणि गृहनिर्माण संस्थांचे माजी सचिव अशा काही जणांनी मिळून ते तयार केलं आहे आणि प्रस्तावना मात्र वसुलीच्या बाजूला बसलेल्या माणसाकडून मागितली आहे. मला हे आवडलं. कुलूप लावणाऱ्यालाच दार कुठे उघडं राहतं ते ठाऊक असतं.

हप्ता थकवणारा म्हणजे ऐपत नसताना मोठं घर घेऊन बसलेला माणूस, अशी एक समजूत आहे. असेही असतात, पण माझ्या टेबलावर आलेल्या फाइलींत ते थोडे होते. कंपनी बंद पडली, डायलिसिस सुरू झालं, घटस्फोटात दोघांपैकी एकाने हात काढून घेतला, बिल्डरने ताबाच दिला नाही म्हणून भाडं आणि हप्ता दोन्ही अंगावर आले. या कारणांना एक कारण अलीकडे जोडलं गेलं आहे, आणि ते घरातल्या कुणाच्याच हातात नसतं. मे 2022 च्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 4 टक्के होता. फेब्रुवारी 2023 पर्यंत तो 6.5 झाला. ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या दराशी, बहुधा रेपोशीच, बांधलेली असल्यामुळे ही वाढ थेट कर्जदाराकडे आली.

आता हिशेब करा. 30 लाख रुपये, 20 वर्षं, दर 6.75 टक्के: हप्ता साधारण 22,800. हाच दर 9.25 झाला तर हप्ता 27,500 च्या आसपास जातो. ज्या घरात महिनाअखेरीला चार हजारही उरत नाहीत, तिथे ही वाढ पचत नाही. पण बऱ्याच जणांना ती कळलीसुद्धा नाही, कारण बँकांनी हप्ता तोच ठेवला आणि मुदत लांबवली. 30 लाखांवर 9.25 टक्क्यांनी महिन्याचं नुसतं व्याजच 23,125 रुपये होतं. म्हणजे 22,800 चा हप्ता इमानेइतबारे भरणाऱ्या माणसाचं व्याजही पुरतं फिटत नव्हतं, मुद्दलाची गोष्टच सोडा. पन्नाशीच्या कर्जदाराला एक दिवस स्टेटमेंटवर दिसतं की आपलं कर्ज वयाच्या 75 व्या वर्षी फिटणार आहे. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, दोन्ही थोडं थोडं करायचं की स्थिर दराकडे वळायचं, हे कर्जदाराला विचारा. आणि हप्ता व्याजाच्याही खाली जाईल इतकी मुदत ताणू नका. हा हक्क कागदावर आला. तो मागायला शाखेत किती जण गेले असतील याचा अंदाज मला आहे, आणि तो फार उत्साहवर्धक नाही.

गहाण आणि जप्ती या मुलखाला नव्या नाहीत. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यात सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे ओढून काढले आणि जाळले. ते लोण आजूबाजूच्या गावांत पसरलं. चौकशी आयोग बसला आणि 1879 मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. त्या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय झाला हे तपासायची मुभा दिली. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येणार नाही, हा दामदुपटीचा जुना नियमही मुंबई इलाख्यातली न्यायालयं मानत आली होती. आजही एखादे आजोबा मुलाच्या गृहकर्जाचा कागद हातात घेऊन विचारतात, दामदुपटीच्या वर कसं काय घेतात? 20 वर्षांच्या कर्जात 30 लाखांचे 66 लाख भरावे लागतात हे त्यांच्या हिशेबात बसत नाही. बँकेच्या कर्जाला तो नियम लागत नाही, एवढंच उत्तर आम्ही देत असू.

या जुन्या परंपरेत न्यायालय मध्ये होतं. 2002 च्या सरफेसी कायद्याने त्याला मधून काढलं. तारण असलेली मालमत्ता बँकेने स्वतःच ताब्यात घ्यायची आणि विकायची. दिवाणी न्यायालयात दाद नाही. मूळ कायद्यात तर अशी अट होती की कर्जदाराला तक्रार करायची असेल तर मागणीच्या 75 टक्के रक्कम आधी जमा करावी. घर वाचवायला धडपडणाऱ्या माणसाकडे 75 टक्के असते तर तो थकला असता का? सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये मार्डिया केमिकल्सच्या खटल्यात कायदा वैध ठरवला, पण ही अट रद्द केली. कर्जदाराची हरकत ऐकून तिला कारणांसह उत्तर देण्याचं बंधन बँकेवर आलं तेही त्याच निकालातून. सहकारी बँकांना हा कायदा लागतो की नाही हा वाद पुढे बरीच वर्षं चालला आणि मिटला तो कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात, मे 2020 मध्ये. लागतो, असं घटनापीठाने सांगितलं. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या कर्जदारांसाठी हा निकाल मोठा होता, पण बातम्यांत तेव्हा कोरोनाशिवाय काही नव्हतं.

आता मुख्य मुद्द्याकडे. गृहकर्जाच्या संकटात मदत नसते असं नाही. मदत असते, पण तिला मुदत असते, आणि प्रत्येक टप्प्यावर ती कमी होत जाते. पहिल्या महिन्यात जे एका साध्या अर्जावर होतं, त्यासाठी सहाव्या महिन्यात वकील लागतो आणि बाराव्या महिन्यात नशीब.

हप्ता थकल्यावर पहिले 90 दिवस खातं ‘एनपीए’, म्हणजे अनुत्पादक, होत नाही. बँकेच्या संगणकात ते 30-30 दिवसांच्या तीन कप्प्यांतून सरकतं आणि फोन सुरू होतात. या काळात मागण्यासारख्या गोष्टी अगदी साध्या आहेत. पगार 7 तारखेला आणि हप्ता 5 तारखेला असेल तर हप्त्याची तारीख बदलून घ्या; दर महिन्याचे बाउन्सचे पैसे वाचतात. जुन्या कर्जदाराला नव्या गिऱ्हाइकापेक्षा पाऊण-एक टक्का जास्त दर लागत असतो. किरकोळ फी भरून तो कमी करून मिळतो, पण बँक आपणहून सांगायला येत नाही. मुदत वाढवून हप्ता खाली आणता येतो. दुसऱ्या बँकेत कर्ज हलवायचं तर तेही आत्ताच, कारण एकदा एनपीएचा शिक्का बसला की दुसरी बँक दारात उभी करत नाही. एजंटांचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर येता कामा नयेत, धमकी आणि शेजाऱ्यांसमोर तमाशा चालणार नाही, हे रिझर्व्ह बँकेने बजावलेलं आहे. तसं झालं तर तक्रार आधी बँकेकडे, 30 दिवसांत समाधान झालं नाही तर लोकपालाकडे.

नव्वद दिवस उलटले की एक गोष्ट बदलते, आणि ती न कळल्यामुळे पुष्कळांचे पैसे वाया गेल्यासारखे होतात. पूर्वी एखाद-दोन हप्ते भरले की खातं पुन्हा नियमित दाखवलं जायचं. नोव्हेंबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं की संपूर्ण थकबाकी भरल्याशिवाय खातं एनपीएमधून बाहेर काढता येणार नाही. म्हणजे दर महिन्याला दहा-दहा हजार भरत राहणाऱ्याचं कर्ज तेवढं कमी होतं, पण कारवाई थांबत नाही. पाहुण्यांकडून, भिशीतून, दागिने ठेवून जे काही जमवायचं ते एकदम जमवून पूर्ण थकबाकी मिटवण्यात अर्थ आहे. तेवढं जमणार नसेल तर तुकड्यातुकड्यांनी ओतण्याआधी बँकेकडून लेखी काहीतरी ठरवून घ्यायला हवं.

मग येते सरफेसीच्या कलम 13(2) ची नोटीस. तिच्यात आता थकलेले चार हप्ते मागत नाहीत, सगळं कर्ज मागतात, 60 दिवसांत. आकडा पाहून माणसाचे हातपाय गळतात आणि नोटीस कपाटात जाते. खरं तर या पुस्तकातलं सगळ्यात उपयोगी प्रकरण याच 60 दिवसांवर आहे. नोटिशीला हरकत घेता येते आणि बँकेला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. हरकत म्हणजे ‘आम्ही अडचणीत आहोत, दया करा’ हे नव्हे. भरलेला हप्ता जमा दाखवलेला नाही. दंडव्याज मुद्दलात मिसळलं आहे (एप्रिल 2024 पासून दंडाची रक्कम वेगळी आकारावी लागते, तिच्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही). कोविडच्या सहा महिन्यांचं व्याजावरचं व्याज परत दिलेलं नाही. येणं मूळ कर्ज आणि व्याजाच्या 20 टक्क्यांपेक्षा कमी उरलंय, त्यामुळे हा कायदाच लागत नाही. ही झाली हरकत. तिच्याच जोडीला तारखांसह भरण्याचा प्रस्ताव दिला तर फाइलीचा रंग बदलतो. शाखेतला अधिकारीही नोकरी करतो. वरच्यांनी विचारलं तर दाखवायला त्याच्याकडे कागद लागतो, आणि तो कागद कर्जदारानेच पुरवावा लागतो.

60 दिवस संपले की ताबा. आधी सांकेतिक. दोन माणसं येतात, दारावर नोटीस चिकटवतात, मोबाइलवर फोटो काढतात, पंचनाम्यावर वॉचमनची किंवा समोरच्या फ्लॅटमधल्यांची सही घेतात आणि जातात. सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. इथे दोन प्रकारची माणसं दिसतात. एक त्या रात्रीच सामान बांधायला लागतात. दुसरे नोटीस फाडतात, कुणी बाहेर काढलं नाही म्हणजे काही झालं नाही असं समजतात. दोघेही चुकतात. कर्ज वसुली न्यायाधिकरणात दाद मागायला इथून 45 दिवस मिळतात. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला ही न्यायाधिकरणं आहेत. तिथे बँकेने पायऱ्या नीट पाळल्या की नाही हे तपासलं जातं. माणसाची परिस्थिती वाईट आहे एवढ्या कारणावर तिथे काही मिळत नाही, हे वकील फी घेताना सांगत नाहीत.

प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम 14 खाली अर्ज करते, मुंबईत मुख्य दंडाधिकाऱ्यांकडे, जिल्ह्यांत बहुधा जिल्हाधिकाऱ्यांकडे. तिथे कर्जदाराला वेगळं ऐकून घेण्याची सोय नाही. आदेश झाला की तहसीलदाराचा माणूस किंवा कोर्टाने नेमलेला वकील, पोलीस बंदोबस्त, कुलूपवाला आणि बँकेचे लोक एका सकाळी येतात. मी अशा वेळी हजर राहिलेलो आहे. पंख्यापासून पातेल्यांपर्यंत यादी करतात. फ्रिजमधल्या दुधाचं काय करायचं हा प्रश्न येतो. देव्हारा कुणी उचलायचा यावर सगळे एकमेकांकडे बघतात, आणि शेवटी तो घरातली बाईच उचलते. दहावीच्या मुलीचं दप्तर यादीत लिहायचं का, असं एकदा आमच्या शिपायाने विचारलं होतं. वकिलाने ‘नको’ म्हटलं. नियमपुस्तिकेत त्याचं उत्तर नाही.

ताबा आणि लिलाव यांच्या मध्ये एक कुंपण आहे, आणि ते 2016 पासून आधीच्या बाजूला सरकलं आहे. पूर्वी लिलाव होऊन मालमत्ता हस्तांतरित होईपर्यंत सगळे पैसे भरून घर सोडवता यायचं. जुन्या पिढीतले वकील अजून तेच सांगतात: हातोडा पडेपर्यंत घाबरू नका. सप्टेंबर 2016 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हा हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच ठेवला. मुंबईतल्या एका व्यापारी कर्जाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने लिलावानंतरही कर्जदाराला मालमत्ता सोडवू दिली, तर सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला. सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या नावाने तो निकाल ओळखला जातो. विक्रीची नोटीस कर्जदाराला 30 दिवस आधी मिळावी लागते. ती हातात पडली की पैसे उभे करायची ती अखेरची घंटा समजावी.

पण घर राखणं हीच एक मदत नव्हे. काही घरं राखता येत नाहीत आणि राखू नयेत. हे लिहिताना मला ठाऊक आहे की पुस्तकाच्या संपादकांपैकी एक-दोघांना हे वाक्य आवडणार नाही. दोघांपैकी एकाचा पगार कायमचा गेला असेल आणि हप्ता उरलेल्या पगाराच्या दोन तृतीयांश असेल तर पुनर्गठनाने फक्त त्रास लांबतो. अशा वेळी घर आपण स्वतः विकावं. समजा फ्लॅटला बाजारात 60 लाख येतात आणि बँकेचं येणं 38 लाख आहे. तीन महिन्यांत गिऱ्हाईक शोधून, बँकेकडून येणं असल्याचं पत्र घेऊन, गिऱ्हाइकाच्या बँकेकडून थेट कर्ज फेडून व्यवहार केला तर वीस-बावीस लाख हातात राहतात. लिलावात ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर, आत कुणी राहतंय का, सोसायटीची थकबाकी किती, हे सगळं खरेदीदाराच्या गळ्यात पडत असल्यामुळे तो किंमत पाडूनच बोली लावतो. शिवाय व्याज, जाहिराती, वकील, सुरक्षा रक्षक, सगळा खर्च कर्जदाराच्याच नावावर. उरलेले पैसे कर्जदाराला परत मिळतात हे खरं. कमी पडले तर तूटही त्याच्याकडूनच वसूल होते. चाव्या टाकल्या म्हणजे सुटलो, असं आपल्याकडे नाही. मागणी नोटीस आल्यानंतर विकायचं तर बँकेची लेखी संमती लागते. ती मिळते. आधी गेलेल्याला लवकर मिळते.

विधवांबद्दल एक वेगळं प्रकरण या पुस्तकात आहे आणि ते मी दोनदा वाचलं. कर्ज देताना बँका कर्जदाराचा विमा उतरवतात, त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवतात आणि तो कागद कर्जाच्या शंभर पानांच्या फाइलीत कुठेतरी असतो. नवरा घाईने सह्या करून आलेला असतो, बायकोला ‘इथे सही’ एवढंच सांगितलेलं असतं. कोविडच्या दोन वर्षांत कमावता माणूस गेला आणि घरात कुणालाच विम्याची कल्पना नाही, असं कितीतरी ठिकाणी झालं. बायका हप्ते भरत राहिल्या, मंगळसूत्र मोडून. घरात मृत्यू झाला असेल तर बँकेत पहिला प्रश्न ‘मुदत वाढवून मिळेल का’ हा नसावा. ‘या कर्जावर विमा होता का, असेल तर पॉलिसीची प्रत द्या’ हा असावा. स्टेटमेंटच्या पहिल्या महिन्यात विम्याच्या नावाने काही रक्कम दिसते का, एवढं बघितलं तरी पुरतं.

खोट्या मदतीला तर तोटा नाही. नोटीस वर्तमानपत्रात आली की फोन सुरू होतात: स्टे आणून देतो, अर्ध्यात सेटलमेंट करून देतो, आधी पंचवीस हजार. स्टे हा शब्द असा उच्चारला जातो की त्याने कर्ज फिटतं असं वाटावं. न्यायाधिकरणाने स्थगिती दिलीच तर बहुतेकदा रक्कम भरण्याच्या अटीवर देतं, आणि ती अट चुकली की स्थगिती उठते; तोवर व्याजाचं मीटर चालूच असतं. तडजोड करायची असेल तर ती बँकेशी थेट करता येते, त्यासाठी मध्यस्थ लागत नाही; सिबिलवर मात्र ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढची काही वर्षं नवं कर्ज अवघड जातं, हे आधीच समजून घ्यावं. क्रेडिट कार्डातून हप्ता भरणं, ॲपवरून कर्ज काढणं, गल्लीतल्या बिनपरवान्याच्या सावकाराला इसारपत्र लिहून देणं, या तिन्हीने घर लवकर जातं. महाराष्ट्रात 2014 पासून सावकारीचा नवा कायदा आहे आणि बेकायदा सावकाराची तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. पण तिथवर जायची वेळ येऊच नये.

सगळ्यात जास्त दिवस खातं ते मौन. हप्ता थकल्याचं बायकोला माहीत नाही, बायकोला माहीत असलं तर सासऱ्यांना नाही, भावाने जामीनदार म्हणून सही केली त्याला नाही. अब्रू जाईल म्हणून सहा महिने गप्प बसलेला माणूस सातव्या महिन्यात पेपरात छापून येतो. भावाच्या पगारावर टाच येते तेव्हा नातं तुटतं ते वेगळंच. मी याला लोकांचा मूर्खपणा म्हणत नाही. नवरा-बायकोने पै-पै साठवून घेतलेलं घर जाऊ शकतं, हे तोंडाने बोलणं किती जड असतं ते मी पाहिलं आहे. पण सहकर्जदार आणि जामीनदार यांना नोटीस पाठवणं बँकेला बंधनकारकच असतं. घरचं माणूस ती पोस्टमनकडून वाचणार की तुमच्याकडून, एवढाच काय तो प्रश्न.

बँकांनाही मोकळं सोडू नये. अमेरिकेत 2008 च्या पडझडीनंतर लाखो घरं जप्तीच्या वाटेवर होती. 2009 मध्ये तिथल्या सरकारने हप्ते सुसह्य करून देणारी योजना आणली. तिचं उद्दिष्ट 30 ते 40 लाख घरांचं होतं आणि ते पुरतं साधलं नाही. पण तिथे एक गोष्ट होती आणि अजून आहे: सरकारमान्य समुपदेशक, जो फुकट कागद तपासतो आणि कर्जदाराच्या बाजूने बँकेशी बोलतो. न्यू जर्सीत राहणारा आपला भाचा-पुतण्या तिथे फोन लावू शकतो. सांगलीतला कर्जदार कुणाला लावणार? शाखेत गेलं तर ‘रिटेल हब’ला जा म्हणतात, हबमध्ये गेलं तर कॉल सेंटरचा नंबर देतात, कॉल सेंटर हप्ता भरायची लिंक पाठवतं. कर्ज देताना घरी येणारा माणूस वसुलीच्या वेळी कुठल्यातरी दुसऱ्या खात्यात गेलेला असतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण हा एक सरकारी दरवाजा आहे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि लोक अदालतीत बँका खटल्याआधीची तडजोडही करतात. हा दरवाजा कर्जदारांनी फार कमी ठोठावला आहे.

या पुस्तकात सगळं नाही. शेतजमिनीला सरफेसी लागत नाही, म्हणून शेतीच्या कर्जाचा विषय बाहेर ठेवला आहे. पतसंस्थांची वसुली सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखल्याने होते, तिच्या पायऱ्या निराळ्या. तिच्यावर एक छोटं परिशिष्ट आहे, ते मला अपुरं वाटतं आणि पुढच्या आवृत्तीत वाढवावं असं मी संपादकांना कळवलं आहे. अपुऱ्या बांधकामात अडकलेल्यांसाठी महारेराचं, म्हणजे गृहप्रकल्पांवरच्या राज्याच्या नियामकाचं, प्रकरण आहे. बिल्डरने ताबा दिला नाही म्हणून हप्ता थांबवला तर बँक बिल्डरकडे बोट दाखवणाऱ्याचं ऐकत नाही, हे त्यात सुरुवातीलाच लिहिलं आहे, बरं झालं.

शेवटच्या भागात नमुन्याची पत्रं आहेत: हप्त्याची तारीख बदलण्यासाठी, व्याजदर कमी करून घेण्यासाठी, मुदतवाढीसाठी, नोटिशीला हरकत म्हणून, विक्रीला संमती मागण्यासाठी, विम्याची प्रत मागण्यासाठी. ती जशीच्या तशी उतरवू नका. आपला खाते क्रमांक, आपल्या तारखा, आपले आकडे घाला आणि एक पान पुरेल इतकंच लिहा. चौथं पान कुणी वाचत नाही, मीही वाचत नसे. पत्राच्या दोन प्रती न्या, एकीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. पोच द्यायला नकार दिला तर वाद घालत बसू नका. त्याच दिवशी स्पीड पोस्टाने तेच पत्र शाखेला आणि नोटिशीवर सही असलेल्या प्राधिकृत अधिकाऱ्याला पाठवा, आणि पावती नोटिशीलाच टाचून ठेवा.